तोरणाखालची पाटी

प्रिय आत्या,

काल तुझा दहावा झाला. घाटावरून परतताना तुझ्या मंगलनं मला एक प्रश्न विचारला आणि मी तोंड चुकवून गाडीत जाऊन बसलो. लेकीला द्यायचं उत्तर आज तिच्या आईला, तुला लिहितोय. काय विचारलं ते शेवटी सांगतो. आधी जरा धीर गोळा करू दे.

पौडचं रजिस्टर ऑफिस आठवतं? हिंजवडीजवळच्या नेऱ्यातल्या आपल्या रानातला तुझा वाटा तू माझ्या नावे सोडणार होतीस. रीतीप्रमाणे मी तुझ्यासाठी साडी आणली होती. तू पिशवी उघडूनही पाहिली नाहीस. म्हणालीस, "साडी ऱ्हाऊ दे. मेट्रोचं ठेसन येतंय नव्हं रानाजवळ? मग तितं बिऱ्हाडांसाठी घरं बांध. दोन खोल्या, मोरी, ओटा. झेपंल असं भाडं. माझ्या मंगलचे हाल बघतुयास ना?"

बघत होतो की. तुमच्या माले गावाहून हिंजवडीला साफसफाईच्या कामाला जायची, दोन बस बदलून. निघायची तेव्हा पोरं झोपलेली आणि परत यायची तेव्हाही झोपलेलीच. "तिच्यासारख्या लई हायेत," म्हणालीस. मी म्हणालो, "आत्या, शब्द देतो." तेवढ्यावर तू सही केलीस.

इमारत बांधली. पण गावात सगळे करतात तेच मीही केलं. कंपनीतल्या एकट्या पोरांसाठी खोल्या, एका खोलीत चार खाटा. पोरं दिवसभर कामावर, पाणी कमी लागतं, सांगितलं की खोली खाली. फॅमिली एकदा शिरली की हलत नाही, असं पारावर सगळे म्हणायचे. मीही म्हणायला लागलो. माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती गं.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी पेंटरनं दाराच्या वर भिंतीवर रंगवलं, "फक्त पीजी. फॅमिलीला खोली मिळणार नाही." मग आठवलं, उद्या तू येणार. तेव्हाच पुसून टाकायला हवं होतं. मी काय केलं? आंब्याच्या पानांचं दुप्पट दाट तोरण करून घेतलं आणि पाटीवर सोडलं. पंचेचाळीस वर्षांचा घोडा मी, आणि अक्कल ही!

आत्याचा मान म्हणून दाराला हळदकुंकू लावायला तुलाच पुढं केलं. वाऱ्यानं तोरण एका बाजूला सरकलं होतं. चौथी शिकलेली तू, ओठ हलवत एकेक अक्षर लावून वाचलंस. मी मागंच उभा होतो. वाटलं, आता चारचौघांत माझी लाज निघणार. तू टाचा उंचावल्यास आणि तोरण ओढून पाटीवर नीट बसवलंस. मग वळून म्हणालीस, "दत्ता, पाव्हण्यांना च्या दे."

जेवलीस आणि दुपारच्या गाडीनं गेलीस. साडी त्या दिवशीही घेतली नाहीस. त्यानंतर मी तुझ्याकडं फिरकलो नाही. तू आजारी आहेस असं कळलं, तरी फोनवरच विचारपूस केली. कुठल्या तोंडानं येणार होतो? पण तू तरी का झाकलंस? दोन शिव्या हासडल्या असत्यास तर मी तिथंच पाटी पुसली असती. असती का? खरं सांगायचं तर माहीत नाही.

आता मंगलचं ऐक. काल म्हणाली, "दादा, आई सगळ्यांना सांगायची, माझ्या भाच्यानं गरिबाच्या बिऱ्हाडांसाठी घरं बांधलीत. मागणारी लई हायेत, नंबर लागला की दत्ता सोताहून बोलवंल. म्हणून मी कधी विचारलं न्हाई. पर आता पोरांजवळ आई बी न्हाई. दादा, माझा नंबर कधी लागंल?"

म्हणजे आत्या, मरेपर्यंत तू माझ्यासाठी ते तोरण धरूनच उभी होतीस.

तळमजल्यावरची पोरं महिनाअखेरीस खोल्या सोडतायत. मधल्या भिंतीत दारं पाडून दोन खोल्यांचं एक घर करतो, ओटे घालतो. मग वरचे मजले. पहिलं बिऱ्हाड मंगलचं. पण किल्ली द्यायच्या आधी तिला दारात उभं करणार आहे. तोरण वाळून कडकडीत झालंय, अजून तसंच लटकतंय. ते मी माझ्या हातानं काढीन, आणि मंगलचं वाचून होईपर्यंत तिच्यासमोरून हलणार नाही.

तुझा भाचा,
दत्ता