पलीकडच्या मोटारीतली म्हातारी

नाना, तुम्ही खरं बोलत होतात. आधी हेच लिहून टाकते, कारण बोलायला बसले की माझी मूळ गोष्ट राहून जाते, हे तुम्हाला माहीतच आहे. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही तुम्ही मागे लागलात म्हणून, तेव्हा अक्षर वाकडं असेल ते चालवून घ्या. नातीला म्हटलं, माझ्या नानांना लिहितेय, तर म्हणते, "आजी, नाना तर आईचे बाबा असतात ना?" भोपाळात जन्म गेला तरी आम्ही वडिलांना नाना म्हणतो हे समजावणं संपत नाही. इंद्रपुरीच्या शेजारणींना तुम्ही शेवटपर्यंत आईचे वडीलच वाटलात, आणि आई पदर तोंडाला लावून हसायची. तुमच्याशी बोलत नव्हती तेव्हासुद्धा हसायची, हे तुम्हाला ठाऊक नसेल.

तो शनिवार तुम्ही कसा विसराल. उज्जैनचे पाहुणे मला बघायला येणार होते. तुम्ही आदल्या दिवशी कारखान्यातल्या मित्राच्या बहिणीच्या लग्नाला सोहागपूरकडे गेला होतात फटफटीवर, दुपारपर्यंत परत येतो म्हणून. मी आईची जांभळी साडी नेसून बसलेली, आई पोह्यांवर झाकण ठेवून दाराकडे बघतेय. पाहुणे आले, मुलीचे वडील कुठे म्हणाले, थांबले, घड्याळ बघितलं आणि उठले. पुन्हा काही आले नाहीत. तुम्ही उगवलात रविवारी सकाळी, गुडघ्यापर्यंत चिखल, डावी चप्पल उजव्या पायात आणि उजवी डाव्या. ओट्याशी उभं राहून सांगितलंत, चकवा लागला. धरणाच्या पाण्याकाठचा रस्ता, पाण्यात एक वाळकं झाड, त्यावर पंख पसरून बसलेला पाणकावळा. पुढे जावं तर पुन्हा तेच झाड, तोच पक्षी. भाकरी भाजल्याचा वास येतोय आणि घर एकही नाही. ऊन जागचं हलत नाही. मग गवताच्या पलीकडून एक पांढरी मोटार चाललेली दिसली, तिच्यात एक म्हातारी. हसत होती. तिनं पायातली चप्पल काढून तुम्हाला दाखवली, तेव्हा कुठे तुम्हाला आठवलं की चकव्यात चपलांची अदलाबदल करायची असते. केलीत, आणि रस्ता सुटला. तुम्हाला वाटलं तासभर गेला असेल. बाहेर आलात तर दुसरा दिवस.

आई तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "म्हातारीच होती ना? नक्की?" आणि मग, "वास भाकरीचाच ना? मोहाचा नव्हता?"

त्यानंतर कितीतरी महिने ती तुमच्याशी भिंतीमार्फत बोलायची. भिंतीला म्हणायची, जेवायला वाढलंय म्हणावं. नातेवाइकांत तुमचं नाव दारुड्या पडलं, ज्यानं सुपारीसुद्धा कधी चघळली नाही त्याचं. तुम्ही एक शब्द बदलला नाहीत. दवाखान्यात शेवटी शेवटी मला म्हणालात, "म्हातारी होती गं." मी नुसतं पांघरूण सारखं केलं. खोटं वाटत होतं असं नाही, पण खरं तरी कसं म्हणायचं.

आता ऐका. नातीनं जुनी पण चांगली मोटार घेतली. महाराणा प्रताप नगरात कोचिंगमध्ये शिकवते ती, स्वतःच्या पैशानं घेतली. म्हणाली, चल आजी, तुला सातपुड्याचं जंगल दाखवते. मी दशम्या केल्या, लसणीची चटणी घेतली. तिनं बूट घाल म्हणून फार डोकं खाल्लं, मी चपलाच घातल्या. मढईला, म्हणजे तुमच्या सोहागपूरच्याच बाजूला, होडीतून देनवा नदी ओलांडली, जीपमधून फिरलो. नाना, काय सांगू तुम्हाला. चिखलात पोटापर्यंत उतरून गवत खाणारे बारासिंगे, शिंगांवर शेवाळ लोंबतंय, जसे मुंडावळ्या बांधून लग्नाला निघालेत. रानगवा इतका मोठा की मला वाटलं खडक आहे, तर तो खडक माझ्याकडे बघायला लागला. वाघ नाही दिसला. त्याच्या पंजाचा ओला ठसा दिसला, त्यात पाणी अजून भरत होतं. गाइड हळूच म्हणाला, "अम्मा, अभी गया है." मला तेवढंच पुरलं.

परत निघालो तेव्हा चार वाजले असतील. मीच म्हटलं, त्या पाण्यावरची बदकं जवळून दाखव, म्हणून नातीनं मोटार काठाच्या कच्च्या रस्त्याला घातली. उंच गवत, डाव्या हाताला पाणी, पाण्यात वाळकं झाड, झाडावर पाणकावळा पंख पसरून. थोड्या वेळानं पुन्हा वाळकं झाड.

"आजी, ये वही झाड आहे ना?"

"झाडं काय, सगळी सारखीच. तू चालव."

"पण पक्षीपण तोच आहे." मग तिनं मोबाइल बघितला आणि गाडी उभीच केली. "मॅपमध्ये आपण पाण्याच्या बीचमध्ये दिसतोय."

खरंच नाना, सगळं निळं आणि त्यात आमचा ठिपका. बाहेर एक आवाज नाही. इतकी बदकं, पण एक ओरडत नव्हतं. ऊन गवताच्या शेंड्यांवर होतं तिथेच. आणि काच खाली केली तर भाकरीचा वास, खरपूस, आईच्या तव्यावर यायचा तसा. नात मोबाइल बंद करून पुन्हा पुन्हा चालू करत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण खरं सांगते, मला आतून गुदगुल्या होत होत्या.

तिसऱ्या फेरीला तिलाही आवाज ऐकू आला. गवतापलीकडे फटफटी, मधेच एक ठोका चुकणारी.

"आजी, कोणीतरी आहे. हॉर्न देऊ? उनसे पूछ लेते हैं."

"हॉर्न नको. काही विचारायचं नाही. तू समोर बघून चालव."

ती समोर बघत होती. मी बघत होते गवतातल्या फटींतून. तपकिरी स्वेटर, आईनं विणलेला, एक बाही लांब. केस सगळे काळे. माझ्या मुलापेक्षा लहान दिसत होतात तुम्ही. आणि तोंडावर अशी भीती, जी घरात कधी दाखवली नाहीत. घाबरलेल्या माणसाला बघून हसू नये, पण मला आवरेना. तुम्ही मान वळवलीत. मी चप्पल काढून खिडकीबाहेर धरली आणि हलवली. तुम्ही फटफटी थांबवलीत, खाली वाकलात. मग गवत दाट झालं आणि आवाज बंद झाला.

मीही माझ्या चपला बदलून घातल्या. पुढच्या वळणाला पक्की सडक, आणि चहाची टपरी, टपरीवाला दिवा लावत होता. म्हणाला, "अम्मा, उधर से कैसे आए? उधर तो पानी है." नातीनं दोन कप चहा पिऊन मग विचारलं, "तू खिडकीतून चप्पल का दाखवत होतीस?" म्हटलं, माशा फार होत्या.

तर आई जिथे असेल तिथे तिला सांगा, म्हातारीच होती. आणि उज्जैनचं मोडलं म्हणून जीवाला लावून घेऊ नका. नंतर इंदूरचं जमलं, माणूस चांगला निघाला, आणि हीच ती मोटार चालवणारी त्याची नात. ते पाहुणे तुमच्या वेळेवर येण्यानं खूश झाले असते तर ती कुठून आली असती.

हा कागद पाठवायचा कुठे, तो मी जांभळ्या साडीच्या घडीत ठेवणार आहे. नातीलाही दाखवणार नाही, आणि त्याला कारण आहे. मी तुम्हाला पहिल्याच फेरीत बघितलं होतं, नाना. पाणकावळा दिसला तेव्हाच सगळं ओळखलं, चपलेकडे हातही गेला होता. पण इतक्या वर्षांनी दिसलात. म्हटलं, अजून एक फेरी होऊ दे. मग म्हटलं, अजून एक. तिकडे इंद्रपुरीत आई दाराकडे बघत होती, पोहे गार होत होते, मला माहीत होतं, तरी मी चप्पल पायातच ठेवली.