घट्ट सिगारी आणि माझे अर्धे दुकान

या सोमवारी सकाळी, दुकान उघडण्याआधी, मी एक नवी कोरी सिगार काउंटरवर आडवी ठेवली आणि ब्लेडने या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी चिरली. सिगारी विकणारा माणूस सिगारी चिरू लागला की त्याचे डोके ठिकाणावर आहे का, अशी शंका कोणालाही येईल. म्हणून आधी तेच लिहितो. मी, खाली सही करणारा, पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा, धंदा सिगारविक्री, पूर्ण शुद्धीत आहे. प्रकृती ठणठणीत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून गुंडाळलेले नाही. बायको शेजारी बसून शर्टाला गुंडी लावते आहे आणि मध्ये मध्ये बोलते आहे, ते दडपण समजू नये. ते लग्नापासून आहे.

तूर्त मरण्याचा माझा बेत नाही. बोलावणे कधी धाडायचे हे ज्याच्या हातात आहे त्याला मी रोज सकाळी हात जोडतो, पण तारीख विचारत नाही. गावच्या शाळेत आमचे गुरुजी सांगत, असे लिहा की वाचणाऱ्याला समजून घ्यायला तुमच्या घरी यावे लागू नये. मृत्युपत्राला हा नियम जास्तच लागू पडतो.

कलम पहिले. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वरची गच्ची, हे माझ्यामागे संपूर्णपणे माझ्या पत्नीचे. हे वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "मरायची एवढी घाई असेल तर आधी गच्चीची गळती काढा. गळकं घर मला नको." तेव्हा गळती काढण्याची जबाबदारी मी हयातीतच घेत आहे.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लकही तिचीच. त्यातून तिने गावच्या शाळेला दरवर्षी खडू आणि फळ्याचा रंग पाठवावा. पैसे पाठवू नयेत, वस्तू पाठवाव्यात. कारण शाळेच्या समितीत माझा एक वर्गमित्र आहे आणि तो लहानपणीही दुसऱ्यांचे खडू खिशात घालत असे.

कलम तिसरे, बाकाविषयी. आमच्या दुकानात वडिलांच्या वेळचा एक लांब बाक होता. गिऱ्हाईक येई, बसे, एक सिगार पेटवी, जगाची काळजी करी आणि निवांत घरी जाई. दादांचे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचे, म्हणणे असे की लोक एक सिगार घेतात आणि बाक दिवसभर झिजवतात. मी एका लग्नाला बाहेर गेलो असताना दादांनी तो बाक शेजारच्या न्हाव्याला विकून टाकला. परत येऊन पाहतो तर आमची सगळी गिऱ्हाइके न्हाव्याकडे बसलेली, त्याच बाकावर, सिगारी पीत, आणि न्हावी कात्री वाजवत मला म्हणतो, "या, बसा की, तुमचाच आहे."

मी दादांना नको नको ते बोललो, आणि त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी बोललो नाही. दुकान वडिलांनी दोघांच्या नावे निम्मे निम्मे ठेवलेले, त्यामुळे उभे राहायचे एकाच काउंटरमागे, कोपराला कोपर लावून, पण शब्द नाही. सगळे बोलणे दादांच्या मुलीमार्फत. ती शिकून-सवरून दुकानातच आली आणि आता खरे दुकान तीच चालवते.

"काकांना विचार, आगपेट्या कुठे ठेवल्यात," दादा म्हणत.

"काका, आगपेट्या?"

"तुझ्या वडिलांना म्हणावं, नाकासमोर."

"बाबा, नाकासमोर."

"त्याला म्हणावं, कुणाच्या?"

तो बाक आता न्हाव्याकडेच राहावा. माझ्या वारसांनी त्यावर हक्क सांगू नये. मी स्वतः परवा त्यावर बसून दाढी करून घेतली. न्हाव्याचा हात हलका आहे, हे मला इतके महिने रागामुळे कळले नव्हते. मात्र तो कापलेले केस आमच्या पायरीकडे लोटतो, यासाठी त्याला माझा मोठा झाडू द्यावा.

कलम चौथे. माझे सिगारीचे टोक कापण्याचे हत्यार, रुंद पात्याचे, आणि घट्ट सिगार मोकळी करायची लांब सुई, जी घड्याळजींनी जुन्या घड्याळाच्या तारेपासून मला घासून दिली, ही दोन्ही पुतणीला. त्यांच्यासोबत वापरण्याची रीतही देतो, कारण रीतीशिवाय हत्यार म्हणजे दाराशिवाय कडी.

नवी सिगार पेटवण्याआधी कोरडीच ओढून पाहावी. हवा सहज आली तर देवाचे आभार मानून पेटवावी. नाही आली तर जोर करू नये. जोराने ओढली की सिगार तापते, कडू होते आणि गिऱ्हाईक आपल्याला शिव्या देते. आधी टोक केसभर जास्त कापावे. तरी घट्ट असेल तर अंगठ्याने एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत चाचपत जावे. एकाच ठिकाणी खडा लागला तर पानांची गाठ बसली आहे. तिथे दोन बोटांत हलके फिरवावे, तान्ह्या बाळाचे पोट चोळावे तसे. त्यानेही सुटली नाही तर कापलेल्या टोकातून सुई घालावी, ढकलत नाही, फिरवत. आणि सिगार सगळीकडेच सारखी फुगलेली, दाबली तर ओल्या दोरीसारखी लागली, तर सुईला हात लावू नये. ती पाणी प्यायली आहे. तिला काही दिवस कोरड्या लाकडी डब्यात एकटी ठेवावी. माणसासारखेच आहे, काही घट्टपणा नुसत्या वाऱ्याने सुटतो.

हे शेवटचे मला या सोमवारपर्यंत आमच्याच दुकानात ओळखता आले नाही. ते का, हे सांगितल्याशिवाय पुढचे कलम कळणार नाही.

गेले काही महिने आमच्या सगळ्या नव्या सिगारी घट्ट निघत होत्या. घड्याळजी आमचे जुने गिऱ्हाईक, त्यांनी एक परत आणली आणि काउंटरवर ठेवली. "अहो, ही ओढता ओढता माझी गालफडं आत गेली. बायको विचारते, उपास धरलाय का."

दादांनी पुतणीकडे पाहून सांगितले, की ज्याने हा माल निवडला त्याला विचार, माल मी निवडलेला नाही. मी पुतणीकडे पाहून सांगितले, की टोक कापताना कंजूषपणा करणाऱ्याला विचार. पुतणीने घड्याळजींना दुसरी सिगार दिली. तीही घट्ट.

मग दादांनी निरोप धाडला की असे रोजचे ऐकून घेण्यापेक्षा दुकानात मधोमध भिंत घालावी. त्याची गिऱ्हाइके त्याला, माझी मला. मीही ताठ्यात म्हटले, घाला. गवंडी येऊन माप घेऊन गेला. येत्या बुधवारी काम सुरू व्हायचे ठरले. तेव्हा पुतणी पहिल्यांदा स्वतःचे बोलली.

"भिंत झाली की मी गेले. मागच्या रस्त्यावरचा अत्तरवाला मला केव्हापासून बोलावतोय. अर्ध्या दुकानात उभी राहू कुठे, भिंतीत?"

आम्हाला मूलबाळ नाही; ती गेली तर माझ्यापुरते ते दुकान गेलेच, भिंतीच्या अलीकडचेही आणि पलीकडचेही. रात्री प्रार्थनेला बसलो तर मन लागेना. म्हणून सोमवारी लवकर जाऊन ती सिगार चिरली. म्हटले, दोष मालाचा की हाताचा, एकदा डोळ्यांनी पाहू. भिंत तरी खऱ्या कारणाने होऊ दे.

आत गाठ नव्हती. पाने नीट घातलेली होती. फक्त ओली होती, फुगून एकमेकांना चिकटलेली.

सिगारींच्या कपाटात खालच्या खणात वडिलांनी एक भाजलेली वीट ठेवलेली आहे. तिच्यावर रोज सकाळी एक वाटी पाणी घालायचे, म्हणजे हवा पानांना मानवेल इतकी दमट राहते. वीट पाणी पिते आणि क्षणात तोंड पुसून बसते, जणू काही प्यायलीच नाही. म्हणून वडिलांची पद्धत अशी होती की जो पाणी घालील त्याने मोठ्याने हाक द्यायची, "पाणी झालं." दुसऱ्याने म्हणायचे, "ऐकलं." बाक गेला त्या दिवशी आमची ही हाकही बंद पडली.

माझे पाणी घालून झाले होते आणि मी मागच्या खोलीत हात धूत होतो, तेवढ्यात दादा आले. त्यांना वाटले, दुकानात कोणी नाही. कपाट उघडले, विटेवर बोट फिरवले. "कोरडी ठाक. ह्याला पाण्याची आठवण द्यायला आता काय दवंडी पिटायची?" असे म्हणून त्यांनी वाटीभर पाणी घातले.

मी दाराआड तसाच उभा राहिलो. थोड्या वेळाने पुतणी आली. दादा तेव्हा बाहेर पायरी झाडत होते. तिने कपाट उघडले. "हे दोघं भांडून मरतील आणि वीट तहानेनं," ती म्हणाली, आणि तिनेही एक वाटी ओतली.

मला हसू आवरेना. दादा झाडू घेऊन आत धावत आले. "हसतोस काय?" त्यांनी विचारले.

मला. थेट मला, मध्ये कोणी नाही.

मी म्हटले, "दादा, पाणी मी घातलं होतं."

ते विटेकडे बघत राहिले. "मग मी काय घातलं?"

"तुम्हीही पाणीच घातलंत, बाबा," पुतणी म्हणाली. "आणि मीही. तीन माणसं मिळून सिगारींना रोज आंघोळ घालतोय. आणि ते बिचारे घड्याळजी गाल आत ओढून बसलेत." मग तिने वाटी फळीवर आपटली. "आणि आता मला मध्ये घेऊ नका. मी सिगारी विकते, निरोप नाही."

आम्ही पुष्कळ हसलो. पण हसून भिंत रद्द होत नाही. दुपारी दादा म्हणाले, "ते पाण्याचं खरं, पण बाकाचं तू जे बोललास ते मी विसरलेलो नाही." आणि गवंड्याला कोणी नको म्हणून कळवले नाही. म्हणून मी घरी येऊन हे मृत्युपत्र लिहायला बसलो.

कलम पाचवे. दुकानातील माझा निम्मा वाटा माझ्या मृत्यूनंतर माझ्या पुतणीला मिळावा. माझ्या मेहुण्याने या वाट्याची अधूनमधून चौकशी केली आहे, पण त्याला सिगारीचे पेटवायचे टोक कोणते हे अजून विचारावे लागते. याला माझ्या पत्नीची हरकत नाही. उलट आपल्या भावाविषयी तिने जे उद्गार काढले ते कागदावर न आणलेले बरे.

कलम पाचवे लिहून मी तिला वाचून दाखवले. गुंडी लावून दोरा दाताने तोडता तोडता ती म्हणाली, "म्हणजे त्या पोरीनं आता तुमच्या मरणाची वाट बघायची? तुम्ही शिंकलात की तिनं दुकानाचा विचार करायचा? बरं दिसतं का ते? आणि भिंत तर बुधवारी आहे. बुधवारपर्यंत मरताय का?"

मी पेन खाली ठेवले. ती बोलली ते मला प्रार्थनेत सुचायला हवे होते, पण देव प्रत्येक गोष्ट स्वतः सांगत नाही. बरीचशी बायकांवर सोपवतो. चप्पल घातली आणि दादांकडे गेलो. त्यांच्या घराची पायरी कितीतरी दिवसांनी चढलो. वहिनींनी दार उघडले, माझ्याकडे पाहिले आणि काही न विचारता आत जाऊन चहाचे भांडे चढवले.

"दादा," मी म्हटले, "माझा वाटा मी तिला देतोय. मेल्यावर नाही, आत्ता."

दादांनी हातातला पेला फिरवला. "म्हणजे मी माझाही द्यावा, असं तुझं म्हणणं."

"नाही. तुमचा तुमच्याकडेच ठेवा. मग तुम्ही आणि ती भागीदार."

"मी आणि ती?"

"हो. रोज संध्याकाळी तिला हिशेब द्यायचा."

वहिनी आतून म्हणाल्या, "आणि ती तो तपासणार. तुमच्यासारखी वरवर नाही बघत ती."

दादांनी पेला खाली ठेवला. "नको. देऊन टाकतो मीही. म्हातारपणी पोरीकडून बोलणी खाण्यापेक्षा तिचा नोकर झालेलं बरं. नोकराला सुटी तरी मिळते." मग माझ्याकडे न बघता, "तो बाक विकला ते माझं चुकलं, असं मी म्हणणार नाही."

"नका म्हणू," मी म्हटले. "न्हाव्याकडे छान दिसतो तो."

कलम सहावे. उरलेल्या किरकोळ वस्तू, म्हणजे कपडे, चष्मा, छत्री आणि प्रार्थनेचे पुस्तक, पत्नीने मनाला येईल तसे वाटावे. पुस्तक मात्र वाचणाऱ्यालाच द्यावे. अंत्यविधी साधा असावा. कोणी सिगार पेटवली तर हरकत नाही, पण आधी कोरडी ओढून पाहावी.

हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले आणि बायकोने दोनदा दुरुस्त केले. पूर्वी कधी रागाच्या भरात काही लिहून ठेवले असेल तर ते रद्द समजावे.

सही: लिहून ठेवणारा, धाकटा भाऊ.

साक्षीदार एक: थोरला भाऊ. (सही करताना "अक्षर अजून गावच्या शाळेतलंच आहे" असे म्हणाले. त्यांचे माझ्याहून वाईट आहे, खाली दिसतेच.)

साक्षीदार दोन: घड्याळजी. (सही करताना तोंडात सिगार होती आणि ती ओढत होते, गाल जागेवर.)

ठिकाण: दुकानाचे काउंटर. तारीख: गुरुवार सकाळ, दुकान उघडण्याआधी.

सह्या झाल्यानंतरची नोंद, दोन्ही साक्षीदारांसमक्ष: कलम पाचवे खोडले आहे. त्यात द्यायला आता काही उरले नाही. काल सकाळी गवंड्याला चहा पाजून परत पाठवले, आणि दुपारी दादा व मी वकिलाकडे जाऊन दोघांचेही वाटे बक्षीसपत्राने पुतणीच्या नावावर केले, नोंदणीसह. भिंत नाही, अत्तरवाला नाही. दुकान तिचे आहे. मला तिने कामावर ठेवले आहे, आणि उद्या वेळेवर यायला सांगितले आहे.