बाराव्या सुरुंगाची गोष्ट

बाबा, तुम्ही असतात तर हे तुमच्यापुढं उभं राहून सांगायची माझी हिंमत झाली नसती. म्हणून लिहिते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता वयानं मीच तुमच्यापेक्षा मोठी आहे, तरी पेन हातात घेतलं आणि पाठ आपोआप ताठ झाली. पाठीत पोक काढून लिहिलं की तुम्ही मागून बोट टोचायचे.

कन्हानच्या आपल्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर म्हणजे एक चूल, एक फळी आणि आईची कटकट. चिंच फोडली की चिंचोके धुऊन तुम्ही डब्यात ठेवायचे, आणि आई म्हणायची, "अख्ख्या दुनियेत या माणसाले मोजाले हेच भेटले." पारशिवनीकडच्या मँगनीजच्या खाणीत तुम्ही सुरुंग उडवायचे, सगळे तुम्हाला सरदार म्हणायचे. जितकी भोकं बारूद भरून तयार, तितके चिंचोके तुमच्या डाव्या खिशात. वाती पेटवून आडोशाला आलात की एका धडाक्याला एक चिंचोका उजव्या खिशात. डावा खिसा रिकामा झाल्याशिवाय धोक्याचा लाल झेंडा उतरत नसे. न उडालेला सुरुंग दगडात तसाच राहतो आणि महिन्याभरानं कुणाची तरी पहार नेमकी त्याच्यावर बसते, हे मला बाराखडीच्या आधी पाठ होतं.

मी नववीत गेले त्या उन्हाळ्यातला तो दिवस. आईला ताप, म्हणून तुमचा डबा घेऊन मी खाणीच्या ट्रकमधून आलेली. झेंड्याच्या अलीकडे दगड भरणाऱ्या बाया घमेली उलटी घालून बसल्या आहेत, मी त्यांच्यात. बारा भोकं. धडाके होतात, धूळ वर चढते, खाली बसते. तुम्ही हात डाव्या खिशात घालता, एक चिंचोका उरलेला, आणि तसेच उभे राहता. मग मॅनेजर येतो, घड्याळ बघतो.

"सरदार, झंडा निकालो."

"अकराच धडाके वाजले, साहेब."

"अरे, दो साथ में गए होंगे!"

"गेले असन. पन मी अकराच ऐकले. आज कोनी खाली उतरत नाही."

तुम्ही आवाजसुद्धा चढवला नाही. तिकडे मॅनेजर लालबुंद, इकडे बाया वैतागलेल्या. माझ्या शेजारची एक ओरडली, "काहून गा सरदार, आमाले उन्हात वाळवून राहिला?" सगळ्या हसल्या. मी डबा मांडीवर घेऊन खाली मान घातली. ही सरदाराची पोरगी हे कुणाच्या लक्षात येऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही एकटे खाली उतरलात आणि दुपारपर्यंत हातानं एकेक दगड बाजूला करत राहिलात. काही निघालं नाही. बाराही सुरुंग उडालेले होते, दोन एकदमच गेले होते. मॅनेजरनं तुम्हाला सुरुंगावरून काढून फाटकावर बसवलं, दिवाळी होईपर्यंत. पोरं मला 'बारावा' म्हणून चिडवायची. एका संध्याकाळी माझा ताबा सुटला आणि मी म्हटलं, "एवढं काहून ताणलं तुमी? काही निघालं का? मले शाळेत सारे हसून राहिले."

तुम्ही भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून म्हणालात, "निघालं नाही म्हून मी चुकलो नाही वं बाई. मले माहीत नोतं, म्हून मी थांबलो. मानूस खाली धाडाचा तर माहीत पायजे." आणि जेवू लागलात. मला तेव्हा तुमचा राग आला होता, बाबा, खरंच सांगते. बाकीच्या पोरींचे बाप कसे चारचौघांसारखे, आणि माझाच असा.

तुमची ती पोरगी आता सरकारला सल्ला देणाऱ्या समितीत बसते. विषय अंतराळाचा, आणि काम ऐकाल तर तुमचंच वाटेल. रॉकेट उपग्रह सोडतं, पण त्याचा वरचा टप्पा वरच फिरत राहतो आणि त्याच्या पोटात थोडं इंधन उरतं. वर्षानुवर्षं काही होत नाही, मग एक दिवस तो फुटतो, आणि त्याचे तुकडे दुसऱ्या कुणाच्या तरी उपग्रहावर जाऊन आदळतात, माणसं असलेल्या यानावरही आदळू शकतात. म्हणून आम्ही नियम लिहीत होतो, की काम झाल्यावर उरलेलं इंधन बाहेर सोडून टाकी रिकामी करायची आणि मगच काम पुरं झालं म्हणायचं. डावा खिसा रिकामा, मग झेंडा खाली.

मागच्या बैठकीत वाद पेटला. जी रॉकेटं तयार आहेत त्यांना सूट द्या, या बनावटीचं आजवर एकही फुटलेलं नाही, कशाला खोळंबा, असं एकानं म्हटलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी चिडले आणि तुमची गोष्ट सांगितली. चिंचोके, बाया, मॅनेजर, सगळं. एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञानं तर चष्मा काढून डोळे पुसले. अध्यक्ष म्हणाले, ही गोष्ट अहवालाच्या प्रस्तावनेत घ्यायलाच हवी.

घेतली. पहिल्याच पानावर आहात तुम्ही. आणि शेवटच्या पानावर तयार रॉकेटांना सूट आहे. काल अहवाल सहीसाठी आला. एकटीनं किती ताणायचं, असं मनाशी म्हणत मी सही करून टाकली.

पण ज्याच्यासाठी लिहायला बसले ते हे नाही. त्या प्रस्तावनेत छापलं आहे की दुसऱ्या दिवशी बाराव्या भोकात जिवंत बारूद निघाली आणि सरदारानं खाणीतल्या बायांचे जीव वाचवले. ते मीच सांगितलं होतं. काहीच निघालं नाही, असं त्या एवढ्या शिकलेल्या माणसांपुढं सांगायची मला लाज वाटली, बाबा. खरं सांगितलं असतं तर कदाचित ती सूट टळलीही असती, कारण आमची अडचण नेमकी तीच होती: आजवर काही फुटलेलं नाही, पण पुढंही फुटणार नाही हे कुणालाच माहीत नाही.

अहवाल छापायला सोमवारी जातो. दुरुस्तीचं पत्र अध्यक्षांना लिहायचं होतं, म्हणूनच आज कागद पुढं ओढला होता. त्यांना एक ओळही लिहून झाली नाही, आणि हे कुणाला पाठवायचं नाही म्हणून एवढं लिहून झालं.