सहाशे बारा जणांची पावलं

९ मार्च, सोमवार, दुपार

चिरंजीव धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तिकडची थंडी आता ओसरली असेल आणि तुझा खोकला गेला असेल असं धरून चालते. माझे गुडघे त्यांच्या मर्जीप्रमाणे चालले आहेत. बाबा मजेत. रोज सकाळी आपल्या जोड्यांच्या कारखान्यात येऊन दोन टाचा घासतात आणि दिवसभर त्याच दोन टाचांचं कौतुक आम्हाला ऐकवतात.

बातमी मोठी आहे. मागच्या सोमवारी आपला संगणक बसला. सुरू केला की आतून टकटक आवाज यायचा, आणि एखाद्याचं माप उघडायला गेलं की पडदा जागच्या जागी थिजायचा. सहाशे बारा जणांची मापं त्या एका डिस्कवर. कोणाचा एक पाय आखूड, कोणाची टाच आत कलंडलेली, कोणाच्या तळव्याला न भरणारी जखम. ह्या माणसांना दुकानातला जोडा चालत नाही हे तुला काय सांगायचं? चार मिलिमीटर इकडचे तिकडे झाले तर माणूस घरी बसतो. दुसरी प्रत काढून ठेवू या, असं तुझी बायको वर्षभर सांगत होती. मी "बघू" म्हणत होते.

कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला आला आणि म्हणाला, चारपाच वेळा बंद-चालू करून बघतो, काय ते दुरुस्त होईल. बाबांनी यंत्रावर हातच ठेवला. म्हणाले, "आधी सुनेला विचारा."

म्हणजे फोन मी करायचा. ती चार महिन्यांपासून मैत्रिणीकडे राहते हे तुला ठाऊकच आहे. का गेली ते तू माझ्याकडून ऐकलंस. त्यावर येते, आधी कामाचं सांगू दे.

मी फोनवर काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. तिने मला बोलूच दिलं नाही. "चालू आहे की बंद?" एवढंच विचारलं. चालू आहे म्हटल्यावर म्हणाली, "बंद करून वायर काढा. मी येईपर्यंत कोणी हात लावू नका." पाऊण तासात हजर. चष्म्याच्या डबीत स्क्रू-ड्रायव्हर घालून आणले होते.

धाकट्या, त्या बाईचं काम बघायला तू हवा होतास. तिने डिस्क बाहेर काढली, स्वतःच्या लॅपटॉपला अशी जोडली की त्यातलं फक्त वाचता यावं, नवीन काही लिहिलं जाऊ नये. मला समजावून सांगितलं की जे सहज निघतंय ते आधी काढून घ्यायचं. जिथे अडतं तिथे हट्ट केला तर ती जागाही जाते आणि डिस्कही. अडलेल्या जागांकडे नंतर थोडं थोडं करून वळायचं. टेबलफॅन आणून त्यावर रोखला. आवाज वाढला की बंद करायची, गार होऊ द्यायची आणि हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसायची. मी असते तर दोन थपडा हाणल्या असत्या.

असे अडीच दिवस गेले. मधल्या वेळात त्या आठवड्याचे जोडे ज्यांना द्यायचे होते त्या प्रत्येकाला तिने स्वतः फोन करून खरं काय ते सांगितलं. गुरुवारी दुपारी सहाशे एक जणांची मापं धडधाकट निघाली, अकरा जणांची गेली. मी म्हटलं, अकराच तर गेली. ती मात्र त्या अकरा जणांना एकेक करून बोलावून घेते आहे. त्यातले एक निवृत्त पोस्टमन जिना उतरू शकत नाहीत, तर त्यांच्या घरी जाऊन फरशीवर बसली, पायाखाली कागद सरकवला आणि पावलाची रेघ ओढली. तीस वर्षं मी हेच करते आहे. इतकी स्वच्छ रेघ मला आली नसती.

त्या अकरांत ती नऊ वर्षांची मुलगी आहे. आणि आता ते लिहिते, जे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं.

मी तुला नोव्हेंबरात कळवलं होतं की तुझ्या बायकोने मापात घोळ केला, जोडा घट्ट झाला, पोरीची टाच सोलून निघाली, आणि वर ही खोटं बोलते. तिचं म्हणणं होतं की नवं माप तिने भरलं होतं, पण संगणकाने मागच्या वर्षीचंच दाखवलं. तू माझ्यावर विश्वास ठेवलास आणि तिला फोनवर नको ते बोललास.

डिस्क स्वतःची नोंद ठेवते म्हणे, चालू झाल्यापासून कितव्या तासाला पहिला बिघाड झाला त्याची. शुक्रवारी ती कागदावर त्याचा हिशेब मांडत होती आणि मी मागे उभी होते. पोरीचं नवं माप भरलं, तोच आठवडा निघाला. नवं माप वाचताच येत नव्हतं, म्हणून जुनं वर आलं होतं. तिने कागदाची घडी केली, खणात ठेवली आणि चहा टाकू का म्हणून विचारलं. मला दाखवलासुद्धा नाही.

अजून आहे. त्या जोड्याच्या आधी दोन आठवडे संगणक रोज सकाळी सूचना दाखवत होता, डिस्क खराब होते आहे, सगळं काढून घ्या. मी बटण दाबून पुढे जायची. तिने तेव्हा विचारलं होतं, काही सूचना येते का? मी नाही म्हटलं. मग पोरीची टाच बघितली आणि माझी जीभ उचलेना. तिच्यावर ढकलणं सोपं होतं. मला नुसती शंका होती असं इथे लिहिणार होते. शंका नव्हती, ठाऊक होतं.

तिला हे सगळं मी त्याच शुक्रवारी सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या मुलीच्या आईला सांगितलंत?"

नव्हतं सांगितलं. शनिवारी आम्ही दोघी गेलो. बोलले मीच. आईने मला दाराशीच उभं ठेवलं आणि चांगलं सुनावलं, ते रास्तच होतं. तुझी बायको पूर्ण वेळ माझ्या शेजारी उभी होती. एक पाऊल मागे सरली नाही, आणि माझ्या वतीने एक शब्द बोलली नाही. नंतर ती माप घ्यायला खाली बसली, तेव्हा पोरीने आपण होऊन मोजा काढला आणि पाय तिच्या मांडीवर ठेवला.

हे पत्र मी आत्ता तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मी परत येणार की नाही, ते त्यात लिहू नका. ते मी ठरवेन." म्हणून लिहीत नाही. तिला फोन कर. माझं नाव पुढे करू नकोस, तू जे बोललास ते तुझंच होतं. माझ्या वाटणीची माफी मी मागितली आहे. ती मिळाली की नाही, ते अजून तिने सांगितलेलं नाही.

तिची नणंद आणि तुझी,
ताई