खंडेनवमीच्या कोयत्याचा फोटो हटवण्याबाबत

प्रति,
मा. पोलीस उपनिरीक्षक साहेब,
पाडळगे पोलीस ठाणे,
ता. निपाणी, जि. बेळगाव.

अर्जदार : सौ. अक्काताई भरमू लोहार, धंदा लोहारकाम व घरकाम, रा. लोहार गल्ली, पाडळगे.

विषय : ऑनलाइन बाजारात दिसणारा कोयत्याचा फोटो हटवण्यासाठी, जप्त मोबाईल आपल्या समक्ष दहा मिनिटे हाती मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या ठाण्याचा जप्ती पंचनामा.
२) अर्जदार बाईंचे यापूर्वीचे दोन अर्ज. पहिला कानडी भाषांतर नाही म्हणून परत, दुसरा नुसते भाषांतर आहे, मूळ अर्ज नाही म्हणून परत.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून अर्ज सादर करण्यात येतो की, पाडळगे गावात आता एकच भाता उरला आहे आणि तो अर्जदार बाईंचे पती भरमू लोहार यांचा आहे. वेदगंगेच्या अल्याड-पल्याड ऊस तोडणारी माणसे भरमूंचा कोयता डोळे मिटून, नुसत्या मुठीवरून ओळखतात. तापलेले पाते निवत निवत पारव्याच्या मानेच्या रंगावर आले की भरमू त्याला पाणी देतात. त्याआधी नाही, त्यानंतर नाही. भाता ओढायला त्यांच्या मातोश्री शालूबाई बसतात. वय झाले आहे, तरी निखारा मंदावला की त्याच्याशी बोलतात, "जाग रं लेकरा, उजाडलं." असे हे तीन माणसांचे घर असून आजपर्यंत त्यांच्यापैकी कोणावरही गुन्हा नोंद नाही, ही बाब प्रथम नमूद करण्यात येते.

२. दिवाळी सरली, ऊसतोड तोंडावर आली. महिला संघाच्या प्रशिक्षणात अर्जदार बाई मोबाईलवरून माल विकायला शिकल्या होत्या. त्यानुसार त्यांनी एका ऑनलाइन बाजारात 'ऊसतोडीचा कोयता, हाताने घडवलेला' अशी नोंद केली. नाव दिसले, किंमत दिसली, फोटोच्या जागी मात्र राखाडी चौकोन. मदत क्रमांकावरच्या मॅडम म्हणाल्या, फोटो जड आहे, हलका करा. हलका केला. मग म्हणाल्या, मागे पांढरे हवे. बाईंनी भरमूंचे धुतलेले धोतर अंगणात अंथरून त्यावर कोयता ठेवला, आणि ऊन चमकते म्हणून भरमू लुगडे ताणून उभे राहिले. शालूबाई उंबऱ्यातून म्हणाल्या, "पोरगी दावायला बसवल्यागत नटवाय लागलीस की गं त्याला." तरी राखाडी चौकोन. फोटोचे मराठी नाव बदलून इंग्रजी केले, ॲप काढून पुन्हा घातले, रेंज मिळावी म्हणून बाई देवळामागच्या टेकावर जाऊन बसल्या. चौकोन हलला नाही. उघडे पाते दिसले की पलीकडचे यंत्र ते हत्यार समजून अडवते, हे तेव्हा कोणी सांगितले नाही.

३. मोबाईलमध्ये खंडेनवमीचा एक फोटो होता. आपणांस विदितच आहे की त्या दिवशी आपल्या भागात हत्यारे-अवजारे पुजली जातात. आपल्या ठाण्यातही बंदुकांना हळदकुंकू लागते आणि जीपच्या चाकाखाली लिंबू ठेवले जाते. लोहाराघरी त्या दिवशी ऐरणीवर ठोका पडत नाही. नवा कोयता ऐरणीवर निजवतात, पात्यावर ओल्या कुंकवाचा हात फिरवतात, आणि कोहळा मधोमध फोडून त्याच्याही पोटात कुंकू भरतात. फोटोत समई होती, झेंडूच्या माळा होत्या, नारळ होता, शालूबाईंचे जोडलेले हात होते. बाईंनी दमून तो टाकला, आणि तो लागला. यंत्राने त्यास पूजेचे साहित्य मानले असावे. त्या आनंदात बाईंनी गल्लीत गूळ वाटला.

४. परंतु त्या ऑनलाइन दुकानाच्या पहिल्या पानावर प्रत्येक फोटो चौकोनी कापून दाखवला जातो. त्या कापण्यात समई गेली, झेंडू गेले, नारळ गेला, शालूबाईंचे हात मनगटापासून गेले. काळ्या ऐरणीवरचे ओले लाल पाते उरले, आणि त्याच्या शेजारी दुभंगलेले, आतून लाल, काहीतरी गोल. त्याखाली ओळ होती, 'एका घावात काम, वापरून बघा.' ही ओळ बाईंनी उसासाठी लिहिली होती.

५. त्याच आठवड्यात शिवेवरच्या उसात विक्रम नावाच्या शेजारगावच्या तरुणाचा खून झाला. अंगावर घाव होते, हत्यार सापडले नव्हते. दिवस मावळेपर्यंत अर्जदार बाईंचा फोटो या हातातून त्या हातात फिरू लागला होता, आणि त्याखाली कोणी लिहिले होते, 'हितं मारलं, हितंच विकाय काढलं.'

दुसऱ्या दिवशी मोटारसायकली आल्या. पुढे मयताचा थोरला भाऊ महादेव. भरमू रिकामे हात पुढे करून म्हणत होते, "अण्णा, कुंकू हाय त्ये. देवाचं कुंकू हाय." गर्दीतून एकाने विचारले, "कुठल्या देवाला चढवलास रं आमचा पोरगा?" त्यानंतर कोणी काही विचारले नाही. भाता सुऱ्याने उभा फाडला. शालूबाईंना पात्यांना पाणी द्यायच्या दोणीत डोक्याने बुडवले, वर काढले, श्वास घेऊ दिला आणि पुन्हा बुडवले. अर्जदार बाईंना केसांना धरून निखाऱ्यापर्यंत ओढत नेले. डाव्या गालावर काय उरले ते दाखल्यात आहे. आणि भरमूंचा उजवा हात त्यांच्याच ऐरणीवर आडवा धरून त्यांच्याच घणाने ठेचला. घण उचलणाऱ्याला तो पेलत नव्हता, त्यामुळे पहिला घाव चुकून ऐरणीवर बसला. तो आवाज साऱ्या गावाच्या ओळखीचा. लोकांना वाटले भरमू कामाला बसले. म्हणून कोणी धावून आले नाही.

या साऱ्याचे कोणीतरी मोबाईलवर चित्रण केले. ते चित्रण कुठेही अडकले नाही, राखाडी झाले नाही, कडेने कापले गेले नाही. आजही ते अख्खे दिसते.

६. त्यानंतर आपल्या ठाण्याने पुरावा म्हणून पूजेचा कोयता व अर्जदार बाईंचा मोबाईल जप्त केला. याबद्दल बाईंची तक्रार नाही. तपास व्हायलाच हवा होता आणि तो झाला. कोयत्यावर कुंकूच निघाले. खुनाचे खरे आरोपी पकडले गेले, त्यांनी विहिरीतून कुऱ्हाड काढून दिली. महादेवही एकदा दवाखान्यात आला, भरमूंच्या पायाशी खाटेवर बसला, शहाळे ठेवून गेला. म्हणजे आपल्या दप्तरी हे प्रकरण मिटल्यात जमा आहे. परंतु फोटो जिथे होता तिथेच आहे, आणि आरोपींनी दिलेला कबुलीजबाब फोटोला कळत नाही.

७. ज्यांना तो फोटो उशिरा दिसतो ते उशिरा येतात. परतालुक्यातली पोरे आली, त्यांना विक्रमचे नावही धड माहीत नव्हते; 'त्यो लाल कोयतावाला कुठं ऱ्हातो' असे विचारत आली. त्या वेळी शेजारचे आण्णाप्पा भरमूंनी आधीच धार लावून ठेवलेला आपला विळा घेऊन बाईंच्या दारातून बाहेर पडत होते. हातात विळा दिसताच त्यांना तिथेच पाडले आणि दगडाने जबडा फोडला. आण्णाप्पा आता पेज पितात, तीही गाळून. त्यांची बायको अर्जदार बाईंकडे पाहून दार लावून घेते, आणि तिचे चुकते असे बाई म्हणू शकत नाहीत. पुढल्या खेपेस आलेल्यांना घरात माणूस सापडला नाही. त्यांनी दारातल्या शेळीचा गळा चिरून तिला भात्याच्या खुंटीला टांगले आणि भिंतीवर तिच्या रक्ताने लिहिले, 'आता ह्यो टाक फोटो.'

८. फोटो हटवण्यासाठी बाईंनी केलेले प्रयत्न येणेप्रमाणे. मदत क्रमांकावर आधी यंत्र बोलते : समस्या सुटली असल्यास एक दाबा. बाई दवाखान्याच्या जिन्यात बसून दोन दाबत राहिल्या. मग एक साहेब भेटले. अतिशय गोड बोलले. म्हणाले, ताई, मोबाईलने साठवलेली जुनी चित्रे पुसा. नर्सबाईंच्या मोबाईलवर पुसून पाहिले. फोटो क्षणभर गेला आणि धुवून काढल्यासारखा आणखी लाल होऊन आला. मग ते म्हणाले, नोंद ज्या मोबाईलवरून केली त्यावर ओटीपी पाठवतो, तेवढा सांगा. तो मोबाईल आपल्या ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत, पाकिटात. बाई धावत ठाण्यात आल्या. ठाणे अंमलदार माणूस चांगला, पण म्हणाले, "बाई, लाखेचा शिक्का हाय त्यावर. फोडला तर माझी नोकरी जाती." तेवढ्यात पाकिटातला मोबाईल टिंग करून वाजला. अंमलदारांनी ऐकले, शिपायांनी ऐकले, बाईंनी ऐकले. आकडे आत येऊन बसले होते. थोड्या वेळाने ते शिळे झाले. आता चार्ज संपल्यामुळे पाकीट वाजतही नाही.

त्याच क्रमांकाचे नवे सिम काढावे असे अंमलदारांनीच सुचवले. सिम भरमूंच्या नावे आहे, त्यास अंगठा लागतो. उजवा अंगठा प्लॅस्टरच्या आत आहे आणि तो परत अंगठा होईल की नाही हे डॉक्टर सांगत नाहीत. सिमच्या दुकानदाराने दवाखान्यात आणलेल्या यंत्रावर डावा अंगठा ठेवला, तर जन्मभर निखारे चाळून त्यावरच्या रेषा जळून गेलेल्या. यंत्राने वारंवार सांगितले, बोट स्वच्छ पुसा. भरमूंनी बोट पुसले, थुंकी लावून पुसले, शेवटी दुकानदाराला म्हणाले, "आता ह्यो बी अंगठा न्हवं म्हन, म्हंजी झालं."

९. याउपर काल कळलेली गोष्ट आपल्या निदर्शनास आणून देण्यात येते. फोटो फार लोक उघडून पाहतात म्हणून त्या दुकानाने तो 'लोकप्रिय' या सदरात सगळ्यांच्या वर नेऊन ठेवला आहे. अर्जदार बाईंचे सासरे होते तेव्हापासून झाली नसेल एवढी कोयत्याची मागणी त्यावर आली आहे. मागणी करणारे लिहितात, 'फोटोत हाय तसाच पाठवा, लाल सकट.' कोयता घडवणारा हात दवाखान्यात दोरीने वर टांगलेला आहे. माल वेळेत न गेल्यास खाते बंद करू, अशी दुकानाची ताकीद आहे. बाईंना क्षणभर वाटले, सुटलो. विचारले, तर खाते बंद झाल्यावरही फोटो दिसत राहील, फक्त त्याखाली 'माल शिल्लक नाही' असे येईल.

१०. आता तातडीचे. एखाद्या तरुणाच्या अंगात वारे भरावे तसे शालूबाईंच्या अंगात भरले आहे. त्यांनी फाडलेला भाता गोणपाटाचे ठिगळ लावून शिवला, विस्तव फुलवला, आणि दोन्ही हातांनी लहान हातोडा धरून एक पाते घडवले. लोहाराच्या सुनेने भाता ओढायचा, घाव घालायचा नाही, अशी त्यांच्या घरची रीत. जन्मात प्रथमच त्यांनी ऐरणीवर घाव घातला. पाते वाकडे आहे. धार मात्र लागली आहे, कारण त्यांनी ती आपल्या पांढऱ्या केसांच्या बटेवर तपासली आणि बट खाली पडली. ते घेऊन त्या उंबऱ्यात बसल्या आहेत. अर्जदार बाईंनी विचारले, "आत्याबाई, कुणाची ऑर्डर ही?" त्या म्हणाल्या, "जो यील त्येची."

बाईंनी ते पाते त्यांच्या हातून काढून घेतलेले नाही. काढून घ्यावे असे मनात आले होते, पण हात उठला नाही, हेही आपल्यापासून लपवण्यात येत नाही. उद्या बाजार आहे. परगावची पोरे गावावरून जाणार असून, जाता जाता लोहार गल्लीत वळायचे ठरल्याचे दोन ठिकाणांहून कानावर आले आहे. बंदोबस्तास माणूस मागितला असता, उद्या सगळे बाजारात असतात असे सांगण्यात आले.

११. तरी विनंती की, आपण स्वतः शिक्का फोडावा, किंवा आपल्यासमोर फोडू द्यावा, पंच बसवावेत, पंचनामा करावा, मोबाईल आपल्याच हातात ठेवावा. बाई त्यास बोटही लावणार नाहीत. आलेले आकडे तेवढे मोठ्याने वाचून दाखवावेत. चार्जर बाईंनी सोबत आणला आहे. न्यायालयाचा हुकूम लागतो असे असल्यास हुकूम येईपर्यंत शालूबाईंना कोणत्या कलमाखाली ठाण्यात बसवून घेता येईल ते कळवावे, म्हणजे तसा अर्ज लगेच देण्यात येईल.

यापैकी काहीच न झाल्यास उद्या त्या उंबऱ्यात कोणीतरी मरेल. येणारा मरेल किंवा शालूबाई मरतील. त्यानंतर त्या फोटोत लोकांना जे दिसते ते खरे झालेले असेल, आणि तो हटवा म्हणण्यास अर्जदार बाईंपाशी कारण उरणार नाही. म्हणून मागणी आजची आहे. घरी शालूबाई एकट्या आहेत आणि त्यांनी दार उघडे ठेवले आहे.

आपल्याच व्हरांड्यातील बाकावर उत्तरासाठी बसलेली,
आपली नम्र,

(सही)
सौ. अक्काताई भरमू लोहार

स्थळ : पाडळगे
दिनांक : २६ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) अर्जाचे कानडी भाषांतर, मूळ अर्जासह.
२) भरमू लोहार, शालूबाई लोहार व अर्जदार यांचे वैद्यकीय दाखले. आण्णाप्पांचा दाखला त्यांच्या घरच्यांनी दिला नाही.
३) मोबाईलचा चार्जर.
४) सदर फोटोची प्रत जोडलेली नाही. ती ठाण्यातील सर्वांच्या मोबाईलवर आहे.