पाच राखी झोळीवाले

६ जानेवारी १९४६, रविवार

मुंबईहून पत्र आलं. यांच्या नावावर. हे जाऊन येत्या माघात तीन वर्षं होतील, आणि टपालवाला दारात उभा राहून विचारतो — ‘वीरप्पा मास्तर हायेत का?’ नवा आहे बिचारा.

उंबऱ्यावर बसूनच वाचलं. मराठीत आहे म्हणून वाचता आलं. हे गेल्यावर यांच्याच पाटीवर अक्षरं गिरवली, त्याचा उपयोग असा व्हायचा होता.

कुणी नाबर म्हणून आहेत. निजामाच्या मुलखातल्या पाखरांची यादी करतायत. यांचं जुनं पत्र त्यांना कागदांत सापडलं. त्यातल्या ओळी त्यांनी जशाच्या तशा उतरवल्यात — ‘आमच्या तळ्यावर पाच राखी झोळीवाले उतरले आहेत. चोचीच्या वरच्या बाजूला ठिपके. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.’

साहेब लिहितात, गुलाबी झोळीवाले (इंग्रजीत पेलिकन) पुष्कळ ठिकाणी येतात, राखी तुमच्या भागात अजून कुणी नोंदलेले नाहीत. सव्वीस तारखेला स्वतः येतो. तुमची वही पाहतो. मग यादीत तुमचं नाव छापतो. सोबत दोन पानांचं टिपण — कुठला झोळीवाला कसा ओळखायचा.

‘मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.’ ही ओळ चार वेळा वाचली.

७ जानेवारी

कुणाला सांगितलं नाही ते इथं लिहिते.

यांनी पाहिले नव्हते. मी पाहिले होते. आणि मीही पाहिले नव्हते.

त्या वर्षी हे तापानं पडलेले. तळ्यावर मोठी पाखरं आल्याचं गुंडप्पा भोई सांगून गेला. यांना उठवेना. दुर्बीण माझ्या गळ्यात घातली. म्हणाले, ‘बाकी काही बघू नको. चोच बघ. ठिपके असले तर राखी, नसले तर गुलाबी.’

मी गेले. पाण्यावर धुकं. पाच पाखरं, मळक्या रंगाची, पार पलीकडच्या काठाला. दुर्बिणीत मला आधी माझ्याच पापण्या दिसायच्या. चोची दिसल्या. ठिपके होते की नव्हते ते कळलं नाही. घरी आजारी माणूस, मी परत फिरले.

हे कोपरावर उठून बसलेले. ‘ठिपके होते?’

चार दिवसांत पहिल्यांदा तोंडावर जीव दिसला. मी म्हणाले, व्हय. होते.

दुसऱ्या दिवशी मी बैलगाडीनं उमरग्याला औषधाला गेले. सबंध दिवस त्यातच गेला. परत आले तर उशाशी पाकीट तयार, आणि ताप चढलेला. पाकीट मीच टपालात टाकलं. आत काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. आठव्या दिवशी हे गेले.

हा माणूस न पाहिलेलं कधी लिहीत नसे. ऐकीव लिहिलं म्हणून पोरांना छड्या दिल्यात. आणि माझ्या शब्दावर लिहून टाकलं — स्वतःच्या डोळ्यांनी. माझं खोटं आपल्या अंगावर घेतलं. आता ते छापून येणार, यांच्या नावानं!

८ जानेवारी

वही काढली. सगळी उर्दूत. यांची सगळी शाळा त्याच लिपीत झाली. पत्र लिहायचं तर मराठीत, खोडून खोडून. स्वतःपुरतं लिहायचं तर उर्दूत. मला त्यातलं एक अक्षर येत नाही. शेजारच्या बेगमबीला येतं. पण तिला दिली तर माझंच खोटं तिच्या तोंडून ऐकायचं.

परत ट्रंकेत ठेवली. तिथं यांच्या वहाणा आहेत. चिखल तसाच, वाळून पांढरा पडलेला. यांच्या पायाखालचा शेवटचा, म्हणून धुतला नाही.

११ जानेवारी

आले. अकरा!

सकाळी गुंडप्पा जाळं खांद्यावर टाकून दारावरून गेला. ‘मास्तरीणबाई, तुमचे पाव्हणे आले बघा. पाखरं न्हाईत ती, पंख फुटलेली पोती हायेत. माझा अर्धा तलाव गिळतील.’

दुर्बीण घेऊन धावले. आता पापण्या दिसत नाहीत, तेवढं शिकले आहे. टिपण मांडीवर. गुलाबी — अंग पांढरं, चोचीखालची झोळी पिवळी, पंख उचलला की खालून काळं आणि पांढरं कापल्यासारखं वेगळं. राखी — अंग मळकट, मानेमागं विस्कटलेला तुरा, पंखाखाली काळं-पांढरं असं वेगळं उठत नाही. आणि चोचीवर ठिपके.

एक उडाला. काळं-पांढरं लख्ख वेगळं. गुलाबी.

देवा, अकरांत एक तरी राखी असू दे. एक दिसला तरी म्हणता येईल, या तळ्यावर येतात. तेव्हाही आले असतील.

१२ जानेवारी

गुंडप्पा पाखरांना हाकलायला डबा बडवतोय. मी बांधावरून ओरडले, सव्वीस तारखेपर्यंत थांब.

‘का? सव्वीसला लगीन हाय का त्यांचं?’

मी म्हणाले, साहेब यायचेत. मास्तरांच्या पाखरांसाठी. डबा खाली ठेवला त्यानं. पाठ फिरवून जाळं आवरायला लागला. यांच्यावर एवढा जीव होता, पण हे गेल्यापासून माझ्याकडं नीट बघत नाही. बायामाणसांशी काय बोलायचं, असं असेल.

१४ जानेवारी, सोमवार

संक्रांत. मला वाण द्यायला कुणी येत नाही, मी कुठं जायचं नाही. दिवसभर तळ्यावर. नऊ पक्के गुलाबी. दोन तपकिरी आहेत, त्यांचं कळत नाही. लांब राहतात.

१५ जानेवारी

तपकिरी दोघं पाठ करून बसले.

१६ जानेवारी

टिपण पुन्हा वाचलं. गुलाबीची पोरंही तपकिरी असतात. आणि राखीच्या पोरांना पहिल्या वर्षी ठिपके नसतात! म्हणजे ठिपके नसले तरी राखी असू शकेल. जीवाला थोडा आधार. पण चोच बघून ठरणार नाही मग. कपाळ बघायचं — पिसं चोचीपाशी टोकदार येऊन मिळतात ती गुलाबी. सरळ रेघेत थांबतात ती राखी. एवढं बारीक दुर्बिणीत कसं दिसावं?

१८ जानेवारी

गुंडप्पाची हाक. तपकिरीतला एक जाळ्यात अडकलेला.

पळत गेले. गुंडप्पानं पंख काखेत दाबून धरलेले, चोच मुठीत. हातभर लांब चोच. झोळी ओल्या चामड्यासारखी लोंबत होती. डोळा माझ्यावर.

चोचीवर ठिपका नाही. ते माहीतच होतं. कपाळावरून बोट फिरवलं, पिसं कुठं संपतात ते चाचपत. मनात एकच — सरळ रेघ लागू दे.

टोक होतं. सुईसारखं.

गुलाबीचंच पोर. दुसरं त्याचंच भावंड असणार.

गुंडप्पा म्हणाला, ‘मास्तर असते तर असंच बोट लावून बघितलं असतं. शेवटच्याला बी —’ आणि थांबला.

‘शेवटच्याला काय?’

‘काय न्हाय. सोडू का ह्याला?’

सोडलं. पाण्यावर पाय आपटत धावलं आणि उडालं.

२० जानेवारी

यांच्या समाधीवर बेल वाहिला. सांगायला गेले होते. न सांगता परत आले.

२२ जानेवारी

बेगमबी भिंतीपलीकडून — ‘शरणम्मा, दो दिन से तेरे चूल्हे का धुवां नईं दिख्या. रोजा रखी क्या?’

भाकरी केली. अर्धी खाल्ली.

२३ जानेवारी

दोन वाटा आहेत. वही जळाली म्हणून सांगायचं, गप्प राहायचं. यांचं नाव छापून येईल. किंवा खरं सांगायचं. मग नाव जाईल, आणि वर खोटारडा मास्तर म्हणून साहेबांच्या ध्यानात राहील. माझ्यामुळं.

२४ जानेवारी

तेच.

२६ जानेवारी, शनिवार

नाबर साहेब आले. उंच, वाळके, बोलणं थोडं. गुळाची काहिल असते ना, तसली एक जुनी लोखंडी काहिल हीच गुंडप्पाची नाव. तीत तिघं बसून पलीकडच्या काठाला गेलो. मी तिकडं कधी गेले नव्हते. आमच्या बाजूला सगळी काळी माती, तिकडं पांढरी. उतरल्यावर पाय घोट्यापर्यंत पांढरे झाले.

साहेबांनी बराच वेळ पाहिलं. ‘सगळे गुलाबी. दोन पोरं, तीही गुलाबी. पण म्हणून मास्तर चुकले असं होत नाही. पाखरू दर साली तेच येत नाही. वही पाहू?’

वही पदराखाली होती. त्यांनी उघडली आणि हसले. ‘मला उर्दू येत नाही हो बाई.’

मी बचावले असते. तेवढ्यावर सुटले असते. येताना काहिल तळ्याच्या मध्यावर आली आणि तोंडातून निघालंच. म्हणाले, साहेब, नाव छापू नका. यांनी पाहिलं नाही. हे अंथरुणाला खिळलेले होते. मी सांगितलं ठिपके आहेत म्हणून, आणि मलाही दिसले नव्हते. यांना बरं वाटावं म्हणून बोलले. खोटं माझं आहे, यांचं नाही.

गुंडप्पाचं वल्हं थांबलं. काहिल जागच्या जागी गरगर फिरायला लागली.

साहेब एवढंच म्हणाले, ‘वल्हव बाबा, घेरी येते.’ मग खिशातून कागद काढला. यांच्या नावासमोर पेन्सिलीनं फुली मारली. मी बघत होते. बारीकच फुली. ‘शाईनं मारत नाही. त्या दिवशी त्यांनी वहीत काय लिहिलं ते वाचून घ्या, मला कळवा. जे असेल ते.’

काठाला लागल्यावर साहेब पुढं गेले. गुंडप्पा काहिल ओढत खाली मान घालून म्हणाला, ‘मास्तरीणबाई, वही वाचून घ्या. साहेबाचं ऐका.’

‘तुला काय माहीत वहीत काय आहे?’

‘मला वाचाया येत असतं तर काय पायजे हुतं.’ आणि निघून गेला.

२७ जानेवारी

वही बेगमबीकडं दिली. सगळं सांगितलं, सांगूनच दिली. ती चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिली. ‘इत्ती सी बात तीन साल पेट में रखी?’

इस्फंदार महिन्याची पानं काढायला सांगितली, म्हणजे आपला जानेवारी. अक्षर मुंगीएवढं. सकाळच्या उन्हात वाचते म्हणाली.

२८ जानेवारी

बेगमबीनं वाचलं. दोनदा वाचायला लावलं. ती थांबत थांबत मराठीत सांगत होती —

‘शरणम्मा उमरग्याला गेली. काल तिनं ठिपके पाहिले. तिचा शब्द खरा असणार, पण न पाहिलेलं कसं लिहू? गुंडप्पाच्या काहिलीतून पलीकडं गेलो. शेवटी पाण्यात उतरावं लागलं. पाच राखी. पाचांच्याही चोचीवर ठिपके. हुडहुडी भरली आहे. तिला सांगू नको म्हणून गुंडप्पाला शपथ घातली आहे.’

नाबर साहेबांना कार्ड टाकलं. फुली खोडा, यांनी पाहिले होते.

घरी येऊन वहाणा ट्रंकेतून काढल्या. चिखल पलीकडच्या काठाचा आहे.