हातपंपाचा पाना आणि सरकारचं पुष्पचक्र

नोव्हाय, ८ फेब्रुवारी १९८६

प्रिय सायमन,

आज शनिवार. सकाळपासून बर्फ. दहाला निघालो, पाऊण तास ड्राइव्ह करून आपल्या युनिव्हर्सिटीत पोचलो. अकराला तुझी शोकसभा, नंतर सँडविच, कॉफी. तीनच्या आत घरी. सुमन हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर आहे. ती घरी असती तरी मला हे धड सांगता आलं नसतं. म्हणून तुलाच लिहितो.

तुझ्या फोटोपुढे भलंमोठं पुष्पचक्र होतं. ज्या लष्करी सरकारने तुला कोर्टापुढे न नेता वर्षभर कोंडलं, तुझं इन्सुलिन बंद केलं, त्याच सरकारने पाठवलेलं. वकिलातीतला माणूस सगळ्यांत आधी बोलला. तू म्हणे देशाचा लाडका सुपुत्र. लाडक्याला असं मारतात का? तुझ्या प्रांतातली पाण्याची योजनाही त्याने सरकारच्या नावावर टाकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, सायमन.

हातपंप तू प्रांताचा मुख्यमंत्री व्हायच्या आधीही होते. बिघडले की शहरातून मेकॅनिक येईपर्यंत बायका नदीचं गढूळ पाणी भरायच्या. तू गावोगावी पंपाचा पाना गावप्रमुखाकडून काढून घेतलास, गावातल्या दोन बायकांना दुरुस्ती शिकवलीस आणि तो त्यांच्या हाती दिलास. गावसभेत त्यांना मताचा हक्कही दिलास.

गावप्रमुख तक्रार घेऊन आले होते ना? "आज पाना नेला, उद्या आमची खुर्ची मागतील."

"मग खुर्चीचे नट घट्ट आहेत का ते बघून घ्या," तू म्हणालास. "नसतील तर त्या बायकांना बोलवा. पाना त्यांच्याकडेच आहे."

हे तूच पत्रात कळवलं होतंस. ऑफिसात वाचताना मला हसू आवरेना.

लष्कर सत्तेवर आल्यावर पहिल्याच महिन्यात ते पाने जप्त झाले. बंदुका नव्हे, पाने! आणि आज त्यांचाच माणूस तुझे गोडवे गातो.

तुझ्यावरही राग आहे माझा. इथे इंजिनिअरिंग शिकवायची नोकरी मिळत होती, का परत गेलास? होस्टेलच्या किचनमध्ये माझ्या आमटीत न विचारता मिरच्या टाकत तू म्हणालास, "इथले पूल मी नसलो तरी उभे राहतील, वसंत." मी मिरच्या वेचून काढत बसलो.

तू तुरुंगात असताना ग्रेस वहिनींनी आम्हा वर्गमित्रांकडे तुझ्या सुटकेसाठीचा अर्ज पाठवला होता. सह्या करून इथल्या सिनेटरला द्यायचा होता. माझा अमेरिकन सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू व्हायचा होता. सुमनला म्हटलं, "तेवढा होऊ दे, मग सही करतो."

"तोवर ते लोक थांबणार आहेत का?" ती म्हणाली.

नाही थांबले. इंटरव्ह्यूच्या आधीच तू गेलास.

वकिलातीतल्या माणसाचं भाषण माजी विद्यार्थ्यांच्या बुलेटिनमध्ये छापणार आहेत, असं निघताना कळलं. तेव्हाही मी मान डोलावून कोट चढवला. पण ते तसंच छापू देणार नाही. पाने कुणी दिले, कुणी काढून घेतले आणि तू कशाने मेलास, हे मी संपादकाला आजच लिहितो. खाली माझं पूर्ण नाव, पत्ता आणि सही असेल. नाही छापलं तर त्यांच्या ऑफिसात जाऊन बसेन. एवढा शब्द देतो.

टाइपरायटर जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला आहे. रिबन वाळली आहे. नवी घालतो.

तुझा,
वसंत